अर्ध्या टक्क्याचा हिशेब

अमेरिकेत फ्रॅकिंगच्या, म्हणजे खडकात भेगा पाडून तेल-वायू काढण्याच्या तंत्राच्या, रसायनांवर गेली पंधरा-वीस वर्षे जो वाद चालू आहे, त्यात दोन्ही बाजूंचे एकेक वाक्य ठरून गेलेले आहे. तेल आणि वायू कंपन्या सांगतात की विहिरीत सोडल्या जाणाऱ्या द्रवात ९९.५ टक्के पाणी आणि वाळू असते, रसायने उरलेला अर्धा टक्का, आणि तीही घरोघरच्या साबणात, सौंदर्यप्रसाधनांत आणि आइस्क्रीममध्ये सापडणारीच. विरोधक सांगतात की फ्रॅकिंगमध्ये हजाराहून अधिक रसायने वापरली जातात आणि त्यांतली कित्येक कर्करोगकारक आहेत. ही दोन्ही वाक्ये आकड्यांपुरती खरी आहेत, पण पेनसिल्व्हेनियातल्या एखाद्या शेतकऱ्याने आपल्या बोअरवेलचे पाणी प्यावे की नाही, याचे उत्तर दोन्हींतून मिळत नाही. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवल्यामुळे असेल, पण मला या वादात रसायनांपेक्षा त्यांच्या नावांवर घातलेल्या पडद्याची अधिक चिंता वाटते. ती का वाटते हे सविस्तर लिहायचे आहे, त्यामुळे पोस्ट लांब झाली आहे.

आधी तंत्र थोडक्यात. शेल हा गाळ दबून तयार झालेला, थरांचा आणि अतिशय घट्ट खडक आहे. त्यात अडकलेल्या वायूला बाहेर यायला वाटच नसते. म्हणून दीड-दोन किलोमीटर खोल उभे भोक पाडून ते पुढे खडकाच्या थरातून आडवे नेतात, नळीला ठरावीक अंतरावर छिद्रे पाडतात आणि प्रचंड दाबाने द्रव आत लोटून खडकात भेगा पाडतात. द्रवातली वाळू भेगांत अडकून राहते, त्यामुळे दाब काढून घेतल्यावरही त्या पूर्ण मिटत नाहीत. भेगा पाडण्याची कल्पना जुनीच आहे. पहिला प्रयोग १९४७ साली कॅन्ससमधल्या ह्यूगोटन वायुक्षेत्रात झाला आणि त्यात पाण्याऐवजी घट्ट केलेले पेट्रोल वापरले होते. आजचा पातळ, पाण्यासारखा द्रव टेक्सासच्या बार्नेट शेलमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीस जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने यशस्वी करून दाखवला, आणि त्याला आडव्या विहिरींची जोड मिळाल्यावर हा उद्योग फोफावला.

आता तो अर्धा टक्का. पेनसिल्व्हेनिया आणि आसपासच्या राज्यांखाली पसरलेल्या मार्सेलस शेलमधल्या एका आडव्या विहिरीला साधारण चाळीस लाख गॅलन, म्हणजे दीड कोटी लिटर द्रव लागतो असे धरले, तर त्याचा अर्धा टक्का ७५ हजार लिटर होतो. आपल्याकडे उन्हाळ्यात गावात येणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा; असे सात-आठ टँकर भरून रसायने एका विहिरीसाठी येतात, ती रस्त्याने येतात, विहिरीशेजारी साठवली जातात आणि तिथेच मिसळली जातात. टक्केवारी सांगणारा माणूस खोटे बोलत नाही, पण विषाचा विचार टक्क्यांत करायचा नसतो. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात बेंझीनची कमाल मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. या मर्यादेपर्यंत सुमारे साडेसतरा कोटी लिटर पाणी नेऊन पोहोचवायला एक लिटर बेंझीन पुरते. हा हिशेब बारावीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल, आणि तो एकदा केला की ९९.५ या आकड्याचा दिलासा बराच कमी होतो.

या टँकरांत असते काय, याची यादी वाचताना मला भीतीपेक्षा कुतूहल अधिक वाटले होते. सुरुवातीला हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतात, ते छिद्रांजवळचे सिमेंट आणि चुनखडीचे अंश विरघळवते आणि त्या खटाटोपात स्वतःच संपून कॅल्शियम क्लोराइड होऊन बसते. पाण्याचे घर्षण कमी करण्यासाठी पॉलिअ‍ॅक्रिलामाइड घालतात. जलशुद्धीकरण केंद्रांतही गाळ बसवायला हेच वापरतात, मात्र त्यात उरलेले सुटे अ‍ॅक्रिलामाइड मज्जातंतूंना घातक असते, म्हणून पिण्याच्या पाण्यासाठी त्याच्या मात्रेवर कडक बंधन आहे. जीवाणू मारण्यासाठी ग्लुटारालडिहाइड असते, ज्याने रुग्णालयांत उपकरणे निर्जंतुक करतात आणि ज्याच्या वाफेने तिथल्या कर्मचाऱ्यांना दमा जडू शकतो. गंज रोखणाऱ्या मिश्रणांत मिथेनॉल असते, आणि मिथेनॉल पोटात गेले की काय होते हे २०१५ च्या मुंबईतल्या मालवणीच्या विषारी दारूच्या प्रकरणानंतर महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. तरीही जमिनीत आणि पाण्यात मिथेनॉल जीवाणूंकडून लवकर विघटित होते, त्यामुळे माझ्या काळजीच्या यादीत ते वरच्या क्रमांकावर नाही. २-ब्युटॉक्सीइथेनॉल मात्र आहे. ते फरशी पुसण्याच्या द्रवातही असते, पण पाण्यात सहज मिसळणारे, भूजलाबरोबर प्रवास करणारे आणि प्राण्यांच्या तांबड्या रक्तपेशी फोडणारे ते रसायन आहे.

याच यादीत आपली गवारही आहे. जिथे दाट द्रव लागतो तिथे वाळू तरंगत ठेवण्यासाठी गवारीच्या बियांचा डिंक वापरतात, आणि जगातली बहुतेक गवार राजस्थान, हरियाणा आणि गुजरातेत पिकते. २०११-१२ मध्ये अमेरिकी तेल कंपन्यांच्या मागणीने गवारीचे भाव असे भडकले की मार्च २०१२ मध्ये वायदेबाजारातले गवारीचे व्यवहार थांबवावे लागले. जोधपूरकडच्या शेतकऱ्यांनी त्या वर्षी ट्रॅक्टर घेतले, याचा मला आनंदच आहे. पण ‘आमचा द्रव खाण्याच्या पदार्थांपासून बनतो’ असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा बोट बहुधा या गवारीकडेच दाखवलेले असते. कोलोरॅडोचे तेव्हाचे गव्हर्नर जॉन हिकनलूपर यांनी आपण असा द्रव प्यायल्याचे २०१३ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे सांगितले. तो हॅलिबर्टन या तेलविहिरींची कामे करणाऱ्या कंपनीचा ‘क्लीनस्टिम’ होता, खाद्यउद्योगातल्या घटकांपासून मुद्दाम तयार केलेला. राज्यातल्या विहिरींत सर्रास सोडला जाणारा द्रव कोणी पिऊन दाखवल्याचे ऐकिवात नाही.

विरोधकांच्या यादीचाही असाच हिशेब करायला हवा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, २०११ ते २०१३ या काळातल्या ३९ हजारांहून अधिक विहिरींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ६९२ वेगवेगळे घटक सापडले. पण एका विहिरीत वापरलेल्या घटकांचा मध्यांक, म्हणजे सगळ्या नोंदी चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, १४ निघाला. हजार रसायने एकाच विहिरीत ओतली जातात असा समज पसरवणे चूक आहे. नळाला काडी लावल्यावर पेटणारे पाणीही रसायनांचा पुरावा नसतो. तो मिथेन असतो, तो बहुतेक वेळा नळीभोवतीच्या सदोष सिमेंटमधून वर येतो आणि काही भागांत तो विहिरी खोदण्याआधीपासून पाण्यात असतो. आणि दोन किलोमीटर खोल पडलेल्या भेगा शंभर-दोनशे मीटरवरच्या भूजलापर्यंत सरळ वर पोहोचतात, हे चित्रही बहुतेक ठिकाणी खरे नाही. मधला खडक खूप जाड असतो.

मग रसायने माणसापर्यंत कशी पोहोचतात? मुख्यतः वरच्या वर. टँकर उलटतो, पाइपाचा जोड सुटतो, साठवणीचा खड्डा पाझरतो. ईपीएने सांडलवंडीच्या १५१ घटना तपासल्या, त्यांतल्या १३ मध्ये द्रव ओढे-नद्यांपर्यंत गेलेला होता. दुसरी वाट म्हणजे विहिरीची नळी आणि तिच्याभोवतीचे सिमेंट, जे कधी पहिल्याच वर्षी आणि कधी वीस वर्षांनी तडकते. तिसरी वाट परत वर येणाऱ्या पाण्याची. त्यात सोडलेली रसायने तर असतातच, शिवाय खडकातले मीठ, बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि मार्सेलसमध्ये किरणोत्सारी रेडियमही असते, आणि हे पाणी पेनसिल्व्हेनियात २०११ पर्यंत नद्यांकाठच्या सांडपाणी केंद्रांकडे पाठवले जात होते, जिथे मीठ काढण्याची सोयच नव्हती.

शिवाय पाणी आणि वाळू हा ९९.५ टक्के भाग निर्धोक असल्याचे सगळ्यांनी धरून चालले होते. पण ती वाळू ट्रकांतून, पट्ट्यांवरून आणि मिश्रणयंत्रांतून जाताना बारीक सिलिकाची धूळ उडते आणि ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, ज्यावर उपचार नाही. अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेने पाच राज्यांतल्या ११ ठिकाणी हवेचे ११६ नमुने घेतले, आणि त्यांपैकी ४७ टक्के नमुन्यांत धूळ कायदेशीर मर्यादेपेक्षा जास्त आढळली. जून २०१२ मध्ये धोक्याची सूचना काढावी लागली. तोवर वादातल्या दोन्ही बाजू अर्ध्या टक्क्यावरच भांडत होत्या, आणि वाळू हाताळणाऱ्या कामगारांची आठवण फारशी कोणाला नव्हती.

आता मूळ मुद्दा. ईपीएने तपासलेल्या त्याच नोंदींपैकी ७० टक्क्यांहून अधिक नोंदींत किमान एका घटकाच्या नावाच्या जागी ‘व्यापारी गुपित’ असे लिहिलेले होते. प्रयोगशाळेत न गेलेल्या माणसाला वाटते की पाण्याचा नमुना यंत्रात घातला की त्यात असलेले सगळे काही छापून बाहेर येते. तसे होत नाही. लिटरमागे काही मायक्रोग्रॅम इतक्या सूक्ष्म प्रमाणात असलेला सेंद्रिय पदार्थ पकडायचा, तर तो कोणता हे साधारण माहीत असावे लागते, त्याप्रमाणे नमुना घेण्याची आणि त्यातून तो वेगळा करण्याची पद्धत निवडावी लागते आणि तुलनेला त्या पदार्थाचा शुद्ध नमुना लागतो. नाव न देता पाणी तपासायला सांगणे म्हणजे हरवलेल्या माणसाचा फोटो, वय, उंची काहीच न देता जत्रेत त्याला शोधायला सांगण्यासारखे आहे. मग नेहमीच्या तीस-चाळीस घटकांची चाचणी होते, अहवालात ‘काही आढळले नाही’ असे येते, आणि हाच अहवाल पुढे सुरक्षिततेचा पुरावा म्हणून न्यायालयात मांडला जातो.

हा पडदा कायद्याने विणलेला आहे. अमेरिकेचा सुरक्षित पेयजल कायदा १९७४ चा. जमिनीत काहीही सोडायचे तर त्यावर या कायद्याची नजर असावी अशी त्याची रचना. १९९७ मध्ये अलाबामातल्या कोळशाच्या थरांमधील वायूविहिरींच्या खटल्यात संघीय अपील न्यायालयाने फ्रॅकिंगही या कायद्याखाली येते असा निर्णय दिला. त्यानंतर ईपीएने एक अभ्यास केला, त्यात स्वतः एकाही विहिरीचे पाणी न तपासता २००४ मध्ये धोका नगण्य असल्याचा निष्कर्ष काढला, आणि पुढच्याच वर्षी, २००५ च्या ऊर्जा धोरण कायद्यात, फ्रॅकिंगला पेयजल कायद्यातून सूट मिळाली. डिझेल तेवढे या सुटीतून वगळले, म्हणजे त्याच्यावरचे बंधन कायम राहिले. उपाध्यक्ष होते डिक चेनी, जे २००० पर्यंत हॅलिबर्टनचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते, म्हणून ही सूट आजही ‘हॅलिबर्टन पळवाट’ म्हणून ओळखली जाते. डिझेलवरचे बंधन तरी पाळले गेले का? काँग्रेसच्या समितीला २०११ मध्ये आढळले की २००५ ते २००९ या काळात कंपन्यांनी डिझेल किंवा डिझेलयुक्त द्रव मिळून ३ कोटी २० लाख गॅलन जमिनीत सोडले होते. त्याच समितीच्या दुसऱ्या अहवालात असे नोंदले आहे की काही कंपन्यांना स्वतः विकत घेतलेल्या मिश्रणातले घटक सांगता आले नाहीत, कारण पुरवठादाराने ते त्यांनाही सांगितलेले नव्हते. गुपित ठेवणाऱ्यालाच गुपित ठाऊक नसावे, ही अवस्था मला विनोदी वाटली असती, जर तो द्रव कुणाच्या शेताखाली गेला नसता.

गुपिताची किंमत डॉक्टरांनाही मोजावी लागली. पेनसिल्व्हेनियाच्या २०१२ च्या कायद्यानुसार रसायनाने आजारी पडलेल्या रुग्णाच्या डॉक्टरला घटकाचे नाव मिळे, पण गुप्ततेच्या करारावर सही केल्यानंतर. ती माहिती दुसऱ्या डॉक्टरला किंवा आरोग्य खात्याला सांगावी की नाही, या संभ्रमात डॉक्टर अडकले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद २०१६ मध्ये रद्द केली.

वायोमिंगमधल्या पॅव्हिलियन या जेमतेम दोन-अडीचशे वस्तीच्या गावाची गोष्ट या सगळ्याचे सार आहे, म्हणून ती जरा थांबून सांगतो. तिथल्या लोकांनी पाण्याला वास येतो अशा तक्रारी वर्षानुवर्षे केल्या. २०१० मध्ये त्यांना सरकारी आरोग्य संस्थेने सांगितले की हे पाणी पिऊ नका आणि आंघोळ करताना खिडक्या उघड्या ठेवा. ईपीएने दोन खोल निरीक्षण विहिरी खोदल्या आणि डिसेंबर २०११ च्या मसुद्यात म्हटले की भूजलात सापडलेली संयुगे फ्रॅकिंगशी जुळतात. उद्योगाने आणि राज्याने निरीक्षण विहिरींच्या बांधणीवरच आक्षेप घेतले. ईपीएने २०१३ मध्ये मसुदा अंतिम न करताच तपास राज्याकडे सोपवला, आणि राज्याने निष्कर्ष काढला की फ्रॅकिंगचा संबंध असण्याची शक्यता कमी आहे. मग २०१६ मध्ये त्याच ईपीएतून बाहेर पडलेले शास्त्रज्ञ डॉमिनिक डिजुलिओ आणि स्टॅनफर्डचे रॉबर्ट जॅक्सन यांनी सगळी माहिती पुन्हा चाळली. तिथे फ्रॅकिंग अवघ्या ३२२ मीटर खोलीवर आणि आम्लाचा वापर २१३ मीटरवर झालेला होता, म्हणजे गावातल्या सर्वांत खोल बोअरवेल जिथवर जातात जवळपास तिथेच. शिवाय डिझेलमिश्रित चिखल अस्तर नसलेल्या खड्ड्यांत टाकलेला होता. दोन किलोमीटर जाड खडकाची ढाल सगळीकडे नसते. आणि विहिरी खोदण्याआधी तिथल्या पाण्यात काय होते याची नोंद पुरेशी नसल्यामुळे प्रत्येक निष्कर्षावर ‘हे आधीपासूनच असेल’ असा आक्षेप घेता आला.

ईपीएचा देशव्यापी अहवालही असाच हेलकावत राहिला. जून २०१५ च्या मसुद्यात पेयजलावर व्यापक परिणामांचा पुरावा नाही असे वाक्य होते. संस्थेच्याच विज्ञान सल्लागार मंडळाने या वाक्याला पुरेसा आधार दिसत नसल्याचे सांगितले, आणि डिसेंबर २०१६ च्या अंतिम अहवालातून ते वगळले गेले. त्या अहवालात द्रवात आणि परत येणाऱ्या पाण्यात मिळून १,६०६ रसायने नोंदली आहेत, आणि दीर्घकाळ पोटात गेल्यास किती मात्रा सुरक्षित हे ठरवणारे मूल्य त्यांपैकी १७३ रसायनांसाठीच उपलब्ध होते. येल विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात १,०२१ रसायनांपैकी ७८१ रसायनांची विषारीपणाची माहितीच मिळाली नाही. ज्या २४० ची मिळाली, त्यांतल्या १५७ रसायनांचा प्रजननाशी किंवा गर्भाच्या वाढीशी संबंध असल्याचे संकेत होते. १५७ चा आकडा वर्तमानपत्रांत आला. माझ्या दृष्टीने ७८१ चा आकडा अधिक गंभीर आहे.

ह्यूस्टनला तेलक्षेत्राच्या रसायनांच्या धंद्यात असलेला माझा एक वर्गमित्र म्हणतो, “अरे, पाककृती जगजाहीर केली तर प्रतिस्पर्धी उद्या तोच माल विकेल. संशोधनावर पैसा कोण घालेल मग?” त्याचे म्हणणे मी उडवून लावत नाही. परंतु पाककृती सांगायची गरजच नाही. विहिरीत गेलेल्या सगळ्या रसायनांची एकत्र यादी द्यावी, कोणते रसायन कोणत्या ब्रँडच्या मिश्रणातले आणि किती प्रमाणात हे सांगू नये. पाणी तपासणाऱ्याला नावे मिळतात आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती मिश्रण लागत नाही. कोलोरॅडोने २०२२ मध्ये याच धर्तीवर कायदा केला, गुपिताची सबब काढून टाकली आणि पीएफएएस या वर्षानुवर्षे न विघटणाऱ्या रसायनांवर बंदी घातली. कोलोरॅडोत तेल निघणे काही थांबलेले नाही. ब्रिटनमध्ये तर बंदीपूर्वीच्या काळातही प्रत्येक रसायनाला पर्यावरण संस्थेची मान्यता लागत असे आणि ते जाहीर करावे लागत असे. तिथले फ्रॅकिंग २०१९ मध्ये थांबवले गेले ते भूकंपाच्या धक्क्यांमुळे, तो विषय निराळा.

आपल्याकडे ओएनजीसीने जानेवारी २०११ मध्ये दुर्गापूरजवळ शेलमधला वायू पहिल्यांदा काढून दाखवला. गुजरातेतही शोधविहिरी झाल्या, आणि शेलचे फार काही हाती लागले नसले तरी कोळशाच्या थरांतला वायू काढताना फ्रॅकिंग होतेच. तमिळनाडूत नेडुवासलच्या शेतकऱ्यांनी २०१७ मध्ये वायूप्रकल्पाविरुद्ध मोठे आंदोलन केले, आणि २०२० मध्ये राज्याने कावेरीचा त्रिभुज प्रदेश संरक्षित कृषी क्षेत्र घोषित केला. त्याच वर्षी जानेवारीत केंद्राने तेल-वायूच्या शोधमोहिमा बी-२ गटात टाकल्या, म्हणजे त्यांना पर्यावरण परिणाम अहवाल आणि जनसुनावणी लागत नाही. मला फ्रॅकिंगवर सरसकट बंदी नको आहे, कोळसा जाळण्यापेक्षा वायू बरा हे मीही मानतो. पण पहिला टँकर येण्याआधी परिसरातल्या प्रत्येक विहिरीच्या आणि बोअरवेलच्या पाण्याची त्रयस्थ प्रयोगशाळेत तपासणी व्हावी, तिची प्रत विहीरमालकाच्या हातात असावी, आणि वापरायच्या रसायनांची पूर्ण यादी त्याआधीच ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलेली असावी, एवढी अट घातल्याशिवाय कोणत्याही गावाने होकार देऊ नये असे माझे मत आहे. अमेरिकेने ज्या २००५ साली आपल्या कंपन्यांना सूट दिली, त्याच साली आपल्याकडे माहितीचा अधिकार कायदा आला. त्याच्या कलम ८(१)(ड) मध्ये व्यापारी गुपिताला संरक्षण आहे खरे, मात्र व्यापक लोकहितासाठी आवश्यक असेल तर ती माहितीही द्यावी असे तिथेच पुढे लिहिलेले आहे, आणि ओएनजीसी ही सरकारी कंपनी असल्यामुळे हा कायदा तिला लागू आहे. ज्यांच्या तालुक्यात अशा विहिरी आहेत, त्यांनी दहा रुपयांचा अर्ज करून घटकांची यादी मागावी.